मोटर धडधाकट, स्क्रीन आजारी

मोटर जळाली म्हणून माझ्या गॅरेजमध्ये आलेली एकही इलेक्ट्रिक गाडी मला आठवत नाही. गाड्या येतात त्या वेगळ्याच तक्रारी घेऊन. स्क्रीन काळी पडली. दार उघडत नाही. मोबाईलवरचं ॲप गाडी ‘ऑफलाइन’ दाखवतंय. रात्री अपडेट आलं आणि सकाळी मागचा कॅमेरा गेला. मी पुण्यातला ऑटो इलेक्ट्रिशियन. डायनॅमो, सेल्फ, अल्टरनेटर आणि वायरिंग यांत उमेदीची वर्षं गेली, आणि अलीकडे इलेक्ट्रिक गाड्यांचंही काम करतो. वॉरंटीतल्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला जातात, तशाच त्या जायला हव्यात. माझ्याकडे येतात त्या वॉरंटी संपलेल्या टॅक्सी, सेकंड हँड घेतलेल्या गाड्या, आणि वर्कशॉपचं एस्टिमेट बघून हबकलेले मालक. ही कामं करता करता एक मत पक्कं होत गेलं. यंत्र म्हणून इलेक्ट्रिक गाडी मी हाताळलेल्या कुठल्याही गाडीपेक्षा सरळ आणि टिकाऊ आहे. तिच्या छातीवर जो मोबाईल बसवलाय, तो तिचं आयुष्य खातोय.

यंत्राबद्दल आधी बोलतो, कारण त्याबद्दल मला खरोखर आदर आहे. पेट्रोल इंजिन उघडलं की पिस्टन, व्हॉल्व्ह, टायमिंग बेल्ट, प्लग, इंजेक्टर, ऑइल, दोन-तीन फिल्टर, आणि त्याच्या मागे क्लच प्लेट आणि गिअरबॉक्स. प्रत्येक गोष्ट झिजणारी, तापणारी. इलेक्ट्रिक मोटरमध्ये फिरणारा भाग म्हणजे रोटर, तो बेअरिंगवर बसलेला. पुढे ठरलेल्या गुणोत्तराचा एक साधा गिअरसेट. गिअर बदलणं नाही, क्लच नाही, ऑइल चेंजची पाटी नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटरच जनरेटर होते आणि गाडीचा वेग विजेत बदलून परत बॅटरीत जातो. त्यामुळे ब्रेक पॅडला फारसं काम उरत नाही. लोहगाव विमानतळावर टॅक्सी लावणारे एक दादा माझ्याकडे येतात. साधीसुधी इलेक्ट्रिक सेदान, दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. मागे चाक खोलून पॅड दाखवले, तेव्हा म्हणाले, “मिस्त्री, डिझेल गाडी होती तेव्हा तुमच्याकडे महिन्याला एक चक्कर ठरलेली असायची. आता चहा प्यायलाच येतो म्हणा ना.” त्यांच्या गाडीत टायर, सस्पेन्शनचे बुश, एसीचा फिल्टर आणि कूलंट एवढ्यावर काम भागतं.

बॅटरीबद्दल लोकांना भीती वाटते, ती मी समजू शकतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत आता एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) रसायनाचे सेल असतात, आणि ते दमदार असतात. फक्त अधूनमधून पूर्ण शंभर टक्के चार्ज करावं लागतं. या सेलचा व्होल्टेज चार्जच्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे आत नेमकी किती वीज उरली हे गाडीच्या कंट्रोलरला मधल्या टप्प्यात नीट कळत नाही. काठोकाठ भरल्यावर त्याचा हिशोब जुळतो. टाटांनी २०२५ मध्ये काही मॉडेलांच्या बॅटरीवर पहिल्या मालकाला ‘लाइफटाइम’ हमी दिली, तिचा अर्थ नोंदणीपासून १५ वर्षं. इतकी वर्षं छातीठोकपणे सांगता येतात, यावरूनच या भागाची ताकद कळते. स्क्रीनची हमी मात्र बाकीच्या गाडीएवढीच, थोड्या वर्षांची.

मग प्रश्न असा की इलेक्ट्रिक म्हटलं की गॅजेट आलंच का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण रेव्हा. बंगळुरूच्या चेतन मैनी यांची ही छोटी गाडी २००१ मध्ये रस्त्यावर आली. पुण्यातही तुरळक दिसायची, आणि मी तिच्यावर काम केलंय. सीटखाली सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या, सगळ्या मिळून ४८ व्होल्ट. त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनल साफ करायचे, ग्रीस लावायचं. डॅशबोर्डवर बटणं आणि नॉब. एका चार्जमध्ये जेमतेम ८० किलोमीटर, वेग बेताचा, जागा अपुरी. गाडी म्हणून ती फार मर्यादित होती, हे मान्यच. तरी लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ या नावाने विकली गेली आणि लोकांनी वापरली. तिच्यात असं काहीही नव्हतं जे पेठेतला बॅटरीवाला आणि मी मिळून दुरुस्त करू शकलो नसतो.

फॅशन बदलली ती २०१२ नंतर. टेस्लाची मॉडेल एस आली, डॅशबोर्डच्या मध्यभागी १७ इंची उभी स्क्रीन घेऊन, आणि बटणं जवळपास नाहीशी झाली. ती गाडी चालवायला अफाट होती, म्हणून सगळ्यांनी तिची नक्कल केली. पण तिच्यासारखी मोटर आणि बॅटरी बनवणं अवघड होतं, स्क्रीन लावणं सोपं होतं. आज चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ईमध्ये डॅशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत १२.३ इंचांच्या तीन स्क्रीन आहेत. शोरूममध्ये ग्राहक आधी त्या बघतो, आणि विक्रेताही त्याच दाखवतो. हा रोग नुसता इलेक्ट्रिक गाड्यांचा नाही, नव्या पेट्रोल एसयूव्हींनाही तो जडलाय. पण इलेक्ट्रिक गाडीत तो जास्त खोल गेलाय, कारण ती कोऱ्या कागदावर आखली गेली आणि आखणाऱ्यांनी समोर मोबाईल ठेवला.

यातून काय होतं ते एका कामाच्या निमित्ताने सांगतो. बाणेरच्या एका सोसायटीतून फोन आला. काका-काकू मुलाकडे न्यू जर्सीला राहून परतले होते. तळघरातल्या पार्किंगमध्ये त्यांची इलेक्ट्रिक गाडी मेल्यासारखी पडून होती. दाराचं हँडल पत्र्याच्या आत लपणारं, ते बाहेरच येईना. काका घामाघूम झाले होते. “अहो, जाताना ऐंशी टक्के चार्ज ठेवला होता. गेला कुठे सगळा?” चार्ज कुठेच गेला नव्हता. मोठी बॅटरी भरलेलीच होती. संपली होती ती बॉनेटखालची साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी. पुष्कळ मालकांना हे माहीतच नसतं की इलेक्ट्रिक गाडीतही ही बॅटरी असते. दारं, दिवे, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर चालतं, आणि मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे कॉन्टॅक्टरसुद्धा तिच्याच विजेवर ओढले जातात. ती मेली की तीनशे व्होल्टची बॅटरी आत बंद पडून राहते.

रिमोटच्या आत एक पातळ किल्ली असते आणि तिच्यासाठी दाराला झाकलेलं छिद्र असतं, हे काकांना गाडी देताना कुणी दाखवलं नव्हतं. दार उघडलं, बॉनेट उघडलं, बाहेरून १२ व्होल्टचा जंप दिला. आत टक् करून कॉन्टॅक्टर लागले आणि गाडी जागी झाली. मग कारण शोधलं. मुलगा रोज रात्री तिकडून ॲप उघडून गाडी ठीक आहे ना, बघत होता. प्रत्येक वेळी गाडीतलं मोडेम जागं व्हायचं, त्याच्याबरोबर दोन-चार कंट्रोलर जागे व्हायचे आणि छोट्या बॅटरीतला थोडा प्राण जायचा. काही गाड्या अशा वेळी मोठ्या बॅटरीतून छोटी आपोआप भरून घेतात. ही घेत नव्हती. मुलाची काळजी खरी होती. पण गाडीला सतत इंटरनेटवर ठेवायचं ठरवलं, तर तिची झोप कशी सांभाळायची हेही ठरवायला हवं होतं. पेट्रोलची जुनी गाडी गावाला जाताना बॅटरीचा टर्मिनल काढून ठेवली की काम व्हायचं.

दुसरं काम जास्त बोचलं. सांगवीच्या एक डॉक्टर ताई पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून येत होत्या आणि स्क्रीन बंद पडली. गाणी बंद झाली असती तर गोष्ट वेगळी. पण त्या गाडीत एसी, ब्लोअर, काचेवरची वाफ घालवायचा डिफॉगर हे सगळं त्या स्क्रीनमध्येच. घाटात धुकं, आत चार माणसं, काच पांढरी. त्यांनी चारही काचा खाली केल्या आणि भिजत, कडेकडेने गाडी खाली आणली. मोटर उत्तम चालू, ब्रेक उत्तम, बॅटरी उत्तम, आणि समोरचा रस्ता दिसत नाही. वर्कशॉपने पूर्ण युनिट बदलायला सांगितलं, आकडा लाखाच्या घरातला. मी ते युनिट काढून उघडलं, तर आतल्या बोर्डवर वीजपुरवठ्याचा एक छोटा भाग जळालेला. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजारात बोर्ड दुरुस्त करणारी हुशार पोरं आहेत. त्यांच्यातल्या एकाने मायक्रोस्कोपखाली तो भाग बदलून दिला आणि स्क्रीन चालू झाली.

ताईंचं नशीब म्हणायचं, कारण दुसरा मार्ग नव्हता. अपघातात गेलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचं युनिट मिळत होतं, स्वस्तात. पण ते लावून उपयोग नसतो. युनिटमध्ये जुन्या गाडीचा चासी नंबर कोरलेला असतो, आणि कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करून नवा नंबर चढवल्याशिवाय ते बोलत नाही. ते लॉगिन मला मिळत नाही. जन्मभर ज्या धंद्यात एका गाडीचा चांगला पार्ट दुसऱ्या गाडीला लावून माणसाचे पैसे वाचवले, तिथे चांगला पार्ट हातात धरून बसायचं, याचा मला मनापासून राग येतो.

अशी स्क्रीन किती वर्षं जगते, याचं उत्तर अमेरिकेत टेस्लाच्याच बाबतीत मिळालं. २०२१ मध्ये जवळपास १ लाख ३५ हजार जुन्या मॉडेल एस आणि एक्स गाड्या रिकॉल कराव्या लागल्या. आतल्या कॉम्प्युटरमधली ८ जीबीची मेमरी चिप झिजत होती. या चिपवर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं, आणि गाडी सतत काही ना काही नोंदी लिहीत राहिल्याने ती मर्यादा काही वर्षांतच संपायला आली. चिप गेली की मागचा कॅमेरा जायचा, काचेवरची वाफ घालवण्याचं नियंत्रण जायचं. मोटरला काहीही झालेलं नसायचं. आपल्याकडे खासगी गाडीचं आरसी पुस्तक पंधरा वर्षांचं असतं. मोबाईलमधली चिप चार-पाच वर्षं टिकली तर आपण खूश असतो. या दोन वयांची गाठ मारली, तिथेच घोटाळा झाला.

बटण काढण्याचा आणखी एक तोटा, त्याला मेकॅनिक लागत नाही, तो ड्रायव्हरलाच भोगावा लागतो. स्वीडनच्या ‘वी बीलेगरे’ या नियतकालिकाने २०२२ मध्ये एक चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना ड्रायव्हरला सीट गरम करणं, तापमान वाढवणं, रेडिओ लावणं अशी नेहमीची कामं दिली. २००५ ची बटणांची व्होल्व्हो तेवढ्या वेळात ३०६ मीटर पुढे गेली. टचस्क्रीनची एक इलेक्ट्रिक गाडी १,३७२ मीटर गेली. तेवढं अंतर ड्रायव्हरचं अर्धं लक्ष रस्त्यावर नव्हतं. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांच्यासाठी खरीखुरी बटणं असली तरच पूर्ण गुण, असा दंडक केला. फोक्सवॅगननेही बटणं परत आणायचं जाहीर केलं. हाताला अंधारात सापडणारं बटण मागासलेलं असतं असं ज्याने ठरवलं, त्याने आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर स्क्रीनवर बोट टेकवून बघावं.

सॉफ्टवेअरला सरसकट शिव्या देणंही बरोबर नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने टेस्ला मॉडेल ३ चे ब्रेक लांब अंतरावर लागतात असं दाखवलं, आणि काही दिवसांत घरबसल्या आलेल्या अपडेटने ते अंतर १९ फुटांनी कमी झालं. एकही पाना न फिरवता. माझ्या उमेदीच्या काळात हे कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. बॅटरीचं तापमान सांभाळणं, सेल समतोल ठेवणं हे काम सॉफ्टवेअरशिवाय होणारच नाही. ते सॉफ्टवेअर गाडीच्या पोटातलं आहे, आणि ते हवंच. माझी तक्रार विकण्यासाठी चढवलेल्या थराबद्दल आहे. बीएमडब्ल्यूने काही देशांत गाडीत आधीच बसवलेल्या गरम सीटसाठी दरमहा पैसे मागितले आणि २०२३ मध्ये टीकेनंतर ते मागे घेतलं. फिस्कर ही अमेरिकन कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि तिच्या ओशन गाडीच्या मालकांना अपडेट आणि सुट्या भागांसाठी स्वतःची संघटना उभी करावी लागली. प्रीमियर कंपनीने पद्मिनी बनवणं थांबवल्यावरही मुंबईच्या टॅक्सी कितीतरी वर्षं धावल्या, कारण ती गाडी चालायला कारखान्याची परवानगी लागत नव्हती.

मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती तिसऱ्या मालकाची. पुण्यात आज दिमाखात फिरणारी गाडी पाच-सहा वर्षांनी विकली जाते, तिथून ती लातूर, बीड, नांदेडकडे जाते, आणि आणखी काही वर्षांनी एखाद्या तालुक्याच्या गावी शिक्षकाच्या किंवा दुकानदाराच्या दारात उभी राहते. १९८३ ला आलेली मारुती ८०० तिच्या शेवटच्या वर्षांत याच वाटेने गावोगाव पोचली आणि कितीतरी घरांची पहिली गाडी झाली. रस्त्याकडेचा मिस्त्री ती दुरुस्त करू शकायचा म्हणून ती पोचली. इलेक्ट्रिक गाडीला हीच वाट मोकळी असायला हवी, उलट जास्त मोकळी, कारण घरच्या सॉकेटवर ती भरते आणि झिजायला तिच्यात फार काही नाही. पण अहमदपूरच्या गॅरेजमध्ये तिची स्क्रीन गेली, तर चासी नंबर चढवायला तिला ट्रकवर घालून शहरात न्यायची? तो खर्च परवडला नाही की धडधाकट मोटर आणि निम्म्याहून जास्त दम उरलेली बॅटरी भंगारात जाणार. मग पर्यावरणासाठी घेतलेल्या गाडीचा हिशोब कुणी करायचा?

कंपन्या सुरक्षिततेचं कारण देतात, आणि त्यात तथ्य आहे. नारिंगी केबलमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात, ते माणूस मारतात. सर्व्हिस प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरमधले कपॅसिटर उतरेपर्यंत थांबावं लागतं, रबरी हातमोजे घालावे लागतात, मीटरने शून्य बघितल्याशिवाय हात लावायचा नसतो. मी हे शिकून घेतलं आणि माझ्याकडच्या पोरांनाही शिकवल्याशिवाय नारिंगी तारेजवळ जाऊ देत नाही. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा ट्रेड आहे, तिथून मुलं तयार होत आहेत. मग शिक्षण आणि परवाना ही अट ठेवा, आम्ही ती आनंदाने पाळू. पण काच पुसायच्या डिफॉगरला आणि दाराच्या हँडलला उच्च दाबाच्या विजेचं कारण लागू होत नाही. ती कुलपं व्यापारासाठी घातलेली आहेत.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टल सुरू केलं. त्यात शेती अवजारं आणि मोबाईलबरोबर वाहनंही आहेत. पोर्टलवर माहिती टाकणं कंपनीच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, कायदा करावा लागेल. मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी २०२० मध्ये गाडीतून दूरवर पाठवल्या जाणाऱ्या माहितीवर मालकाचा आणि त्याच्या मिस्त्रीचा हक्क मतदानाने मंजूर केला. युरोपात २०२७ पासून इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला स्वतःची डिजिटल नोंदवही सक्तीची होतेय. साधी इलेक्ट्रिक गाडी बनवता येते हेही सिद्ध होतंय. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या स्लेट कंपनीने हाताने काच फिरवायची, मधली मोठी स्क्रीन नसलेली इलेक्ट्रिक पिकअप लोकांपुढे ठेवली. इतकी उघडीवाघडी गाडी सगळ्यांना नको असेल. पण एसीचे तीन नॉब, वायपरची दांडी, बाहेर दिसणारं दाराचं हँडल आणि कुणालाही बदलता येईल अशी स्क्रीन, एवढं चाकण, रांजणगाव आणि साणंदचे अभियंते सहज देऊ शकतील. त्यांना अवघड असलेला भाग त्यांनी केव्हाच करून दाखवलाय.

तुम्ही इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर जरूर घ्या, मी स्वतः माझ्या माणसांना तीच सुचवतो. फक्त शोरूममध्ये विक्रेत्याला स्क्रीन बंद करायला सांगा आणि बंद स्क्रीनवर समोरच्या काचेवर वारा सोडून दाखव म्हणा. १२ व्होल्टची बॅटरी मेली तर दार कुठून उघडायचं, ते स्वतःच्या हाताने उघडून बघा. वॉरंटी संपल्यावर स्क्रीनचं युनिट केवढ्याला पडेल आणि ते बाहेरच्या गॅरेजला बसवता येईल का, हे विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका, कंपनीच्या लेटरहेडवर लिहून मागा.